माजी सैनिकाचा उपचार: खासगी विमा की नुसतं मेडिकेअर?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याच्या, म्हणजे व्हीएच्या, दवाखान्यात दोघं जण पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी भरती आहेत असं धरा. एकाकडे खासगी विमा आहे, दुसऱ्याकडे फक्त मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा.

पहिल्याचं बिल विमा कंपनीकडे जातं. हा अधिकार 1986 च्या कायद्याने मिळाला, आणि 1997 पासून वसूल झालेली रक्कम व्हीएच्याच उपचारनिधीत राहते. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. कंपनीने दिलेल्या पैशातून रुग्णाचा स्वतःचा वाटाही पूर्ण किंवा काही अंशी फिटू शकतो. कंपनीने हात वर केले, तरी उरलेलं बिल त्याच्या माथी मारलं जात नाही. लागू असेल तर फक्त त्याचा वाटा भरायचा. म्हणून विम्याची माहिती लपवू नये.

दुसऱ्याच्या बाबतीत व्हीए मेडिकेअरला बिल लावूच शकत नाही. मात्र मेडिकेअरला जोडून घेतलेली पूरक पॉलिसी असेल, तर तिच्याकडे मागणी करता येते.

आणि दुखणं सेवेत झालेलं असेल, समजा सरावात मोडलेला गुडघा, तर दोघांपैकी कुणाच्याच विम्याला व्हीए हात लावत नाही. तो खर्च सरकारचा, आणि तसाच असायला हवा.