लंडनची म्युझियम्स : बाक, लिफ्ट, टॉयलेट आणि बॅगेचा रिव्ह्यू

लंडनच्या म्युझियम्सवर लिहिणारे सगळे रोझेटा स्टोन (इजिप्तचा लेख कोरलेला जुना दगड) आणि डायनासोरवर लिहितात, मी बाकांवर लिहिणारे. बाक, लिफ्ट, टॉयलेट, प्यायचं पाणी, बॅग ठेवायची जागा आणि पाऊस आला तर कुठनं आत शिरायचं. सोबत सासूबाई होत्या, दोन्ही गुडघे दुखरे पण उत्साह आमच्या दुप्पट, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी माझी नजर आधी भिंतीवर नाही तर बसायला कुठे आहे यावरच जायची. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं किंवा लहान मुलं आहेत त्यांना याचा उपयोग होईल, बाकीच्यांनी वाचून सोडून द्या.

सगळ्यात मोठी सोय आधी सांगते, तिकीट नाही. सरकारी म्युझियम्सपैकी काही मधल्या काळात पैसे घ्यायची, पण २००१ च्या डिसेंबरपासून सगळ्यांचाच कायमचा संग्रह फुकट झाला, परदेशातून आलेल्यांनाही, पासपोर्ट बिसपोर्ट कोणी विचारत नाही (खास प्रदर्शनांना तिकीट असतं आणि ते चांगलंच महाग असतं). आता फुकट म्हटलं की पैसे वाचले एवढंच डोक्यात येतं, पण खरा फायदा पायांना होतो. पॅरिसला लूव्रमध्ये २०२६ च्या जानेवारीपासून युरोपबाहेरच्या माणसाला ३२ युरो मोजावे लागतात, एकदा एवढे मोजले की माणूस आतून हलत नाही, पाय तुटले तरी चालतील पण पैसे वसूल झाले पाहिजेत. लंडनला वसूल करण्यासारखं काही नसतंच. तासभर जा, दोन दालनं बघा, बसा, टॉयलेटला जाऊन या, कंटाळा आला तर निघा, वाटलं तर उद्या परत या. आम्ही हे लक्षात घेऊन सकाळी एक म्युझियम आणि संध्याकाळी मूड असेल तर दुसरं, असं थोडं थोडं बघितलं आणि सासूबाईंचे गुडघे शेवटपर्यंत टिकले.

आरामाच्या बाबतीत माझा पहिला नंबर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला, तिकडे सगळे व्ही अँड ए म्हणतात. १८५२ साली सुरू झालेलं हे म्युझियम, आणि याचा पहिला डायरेक्टर हेन्री कोल हा माणूस मला भयंकर आवडलाय. दिवसभर काम करणाऱ्या लोकांना संध्याकाळी येता यावं म्हणून त्याने आत गॅसचे दिवे लावून घेतले, आणि आलेल्या माणसाला भूक लागणारच म्हणून म्युझियमच्या आतच खायची जागा काढली. म्युझियममधलं जगातलं पहिलं रेस्टॉरंट म्हणून हेच ओळखलं जातं. तीन खोल्या आहेत, मॉरिस, गॅम्बल आणि पॉयंटर, आणि आजही तिथे बसून चहा पिता येतो. गॅम्बल रूमच्या भिंती आणि खांब सगळे चिनी मातीच्या टाइल्सचे, आग लागू नये आणि पुसायला सोपं जावं म्हणून, म्हणजे ज्याने हे ठरवलं त्याला स्वयंपाकघराचा अनुभव होता असं मी समजते. वर छताजवळ पट्टीवर बायबलमधलं वचन आहे, माणसाला खाण्यापिण्यापरतं चांगलं काही नाही अशा अर्थाचं. मॉरिस रूम हिरवी आणि जरा अंधारी, डिझायनर विल्यम मॉरिस तेव्हा तरुण होता, फारसं नाव झालेलं नव्हतं, तरी त्याच्या कंपनीला काम दिलं. सगळी गर्दी गॅम्बलमध्ये फोटो काढत असते, तुम्ही चहाचा ट्रे घेऊन मॉरिसमध्ये जा.

खायचं म्हणाल तर ठीकठाक, केक आणि स्कोन चांगले, बाकी लंडनच्या हिशोबाने महाग. पण तिथे निवांत बसून राहता येतं. नाहीतर एका दुसऱ्या म्युझियमच्या कॅफेत (नाव लिहीत नाही) ट्रे हातात धरून आम्ही टेबल शोधत फिरलो, शेवटी चहा गार झाला आणि सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसून प्यायल्या. म्हणून सांगते, कॅफेत आधी एकाने जागा धरायची आणि मग दुसऱ्याने रांगेत जायचं, अकराच्या आधी किंवा अडीचनंतर गेलात तर तेही करायला लागत नाही.

व्ही अँड एची अजून एक भारी गोष्ट म्हणजे दालनात घेऊन फिरायला हलकी फोल्डिंग स्टुलं मिळतात, फुकट. मी विचारलं, "आई, तुमच्यासाठी एक घेऊ का?" तर "मला काय झालंय, मी काय म्हातारी आहे का" असं उत्तर आलं, मग दहा मिनिटांनी "अगं ते स्टूल कुठे मिळतं म्हणालीस?" त्यानंतर ते स्टूल आमच्याकडेच. त्या स्टुलामुळे आम्हाला अर्दबीलचा गालिचा नीट बघता आला. १५३९-४० सालचा इराणचा गालिचा, जवळजवळ साडेदहा मीटर लांब, आणि रंग उडू नयेत म्हणून त्याच्यावरचा लाइट दर तासाला आणि अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं लावतात. बाकीच्या वेळात अंधुक उजेडात पडलेला असतो आणि लोक एक नजर टाकून पुढे जातात. आम्ही स्टूल मांडून वाट बघत बसलो, लाइट लागल्यावर आजूबाजूचे लोक धावत आले, आमची सीट पहिल्या रांगेत. कापड आणि कागद यांच्या बहुतेक दालनांत मुद्दाम उजेड कमी ठेवतात, लेबल वाचायला त्रास होतो, त्यामुळे चष्मा हॉटेलवर विसरू नका.

कास्ट कोर्ट्समध्येही (प्रसिद्ध शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींचं दालन) स्टूल घेऊन बसायचं, तिथे रोमच्या ट्रेजन स्तंभाची प्रतिकृती आहे, उंची मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभे केलेत. मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या नग्न पुतळ्याचीही प्रतिकृती आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला काचेत प्लास्टरचं अंजिराचं पान, राजघराण्यातल्या बायका आल्या की लावायला केलेलं. सासूबाई हे ऐकून जे हसल्या. मधल्या चौकात बाग आहे आणि अंडाकृती उथळ पाणी, उन्हाळ्यात मुलं त्यात पाय घालून खेळतात. मुलं सोबत असतील तर टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड जवळ ठेवा, नको म्हणून ती ऐकणार नाहीत.

येताना साउथ केन्सिंग्टन स्टेशनपासून म्युझियम्सपर्यंत जमिनीखालून पादचारी बोगदा आहे, १८८५ चा. पावसात न भिजता व्ही अँड ए, नॅचरल हिस्ट्री आणि सायन्स म्युझियमकडे जाता येतं. जाहिरात कुठे दिसत नाही पण लंडनच्या पावसात याच्यासारखं सुख नाही. एकच अडचण, स्टेशनात पायऱ्या आहेत, व्हीलचेअर किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर ट्यूब (लंडनची मेट्रो) सोडा आणि बसने या. लंडनच्या सगळ्या बसेस खालच्या फरशीच्या आहेत, रॅम्प असतो, १४ आणि ७४ नंबर व्ही अँड एजवळ थांबतात. पहिली बस पकडल्यापासून तासाभरात दुसरी पकडली तर वेगळे पैसे कापत नाहीत, फक्त तेच कार्ड टॅप करायचं, एकदा फोन आणि एकदा कार्ड असं केलं की दोन वेगळे प्रवासी धरतात.

नॅचरल हिस्ट्री म्युझियम. बिल्डिंग जबरदस्त, १८८१ सालची, आल्फ्रेड वॉटरहाउसने बांधलेली, कमानींवर चढणारी माकडं आहेत, शोधा. मधल्या हॉलमध्ये होप नावाच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, २५.२ मीटर लांब, आणि त्याच्याही वर छतावर झाडापानांची १६२ चित्रं, ती बघून बघून मान मोडते. पण सुट्ट्यांच्या दिवसात इथली गर्दी आणि आवाज सहन करायची तयारी पाहिजे, डायनासोरच्या दालनात तर माणूस ढकलत ढकलतच पुढे जातो. क्रॉमवेल रोडच्या मुख्य दारापेक्षा एक्झिबिशन रोडच्या बाजूच्या दारातून शिरा, तिथे मोठ्या पृथ्वीच्या गोळ्यातून सरकता जिना जातो, मुलं खूश. दमलात तर बाहेरच्या बागेत जा, २०२४ मध्ये नव्याने केलीय, तिथे ब्राँझचा डिप्लोडोकस डायनासोर आहे, मोकळी हवा आहे आणि आतल्यापेक्षा शंभरपट शांत. शेजारच्या सायन्स म्युझियममध्ये आपला डबा आणून खायला वेगळी जागा ठेवलीय, तेवढ्यासाठीही तिथे जायला हरकत नाही. आणि हो, अपोलो १० चं खरंखुरं यान तिथेच आहे, १९६९ मध्ये चंद्राला फेरी मारून आलेलं, खालची बाजू जळून करपलेली दिसते.

आता ब्रिटिश म्युझियम. इथे एक गोष्ट आधी माहीत पाहिजे, चाकांची सूटकेस आत नेता येत नाही, क्लोकरूममध्येही घेत नाहीत. हॉटेल सोडलंय आणि रात्रीचं विमान आहे, मधल्या वेळात म्युझियम करू असा प्लॅन असेल तर बॅगा हॉटेलच्या रिसेप्शनला किंवा मोठ्या रेल्वे स्टेशनच्या लगेज ऑफिसमध्ये ठेवूनच निघा. दारात बॅग तपासतात, रांग लांब असते, ऑनलाइन फुकटचं वेळेचं तिकीट काढून ठेवा आणि मागचं माँटेग्यू प्लेसचं दार बघा, तिथे बहुतेक वेळा कमी लोक असतात.

आत गेलं की ग्रेट कोर्ट, २००० साली आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरच्या ऑफिसने चौकावर काचेचं छप्पर घातलं, ३,३१२ काचा आणि म्हणे दोन सारख्या नाहीत. बाहेर पाऊस आणि आत लख्ख उजेड, बसायला जागा आहे, टॉयलेट जवळ आहे, आमच्या ग्रुपचा "हरवलात तर इथे भेटायचं" पॉइंट हाच. इजिप्तच्या दालनात रोझेटा स्टोनभोवती जे मोबाइलचं जंगल असतं त्यात शिरायची इच्छा नसेल तर सरळ १ नंबरच्या खोलीत जा. तिथे त्याच दगडाची प्रतिकृती ठेवलीय, उघडी, हात लावायला परवानगी आहे आणि कोणी धक्काबुक्की करत नाही. ती खोली मुळात तिसऱ्या जॉर्ज राजाच्या ग्रंथसंग्रहासाठी बांधलेली, लाकडी फरशी, उंच कपाटं, एकदम शांत. तिथे आणि अजून काही दालनांत स्वयंसेवक टेबल मांडून बसतात आणि संग्रहातल्या खऱ्या वस्तू हातात देतात. सासूबाईंच्या तळहातावर खरंच जुनं नाणं ठेवलं त्या बाईंनी, आणि मग दोघी खाणाखुणा करत बराच वेळ बोलत बसल्या, दोघींच्या भाषा वेगळ्या पण गप्पा थांबेनात, मी आपली बाजूला उभी. ३३ नंबरच्या दालनात भारत आणि चीन आहे, नटराज आहे, आणि लागून ३३ए मध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं (आंध्रातली अमरावती, विदर्भातली नाही). ते बघताना मनात काय काय येतं ते वेगळं लिहीन, इथे नको.

नॅशनल गॅलरीत खोल्यांच्या मधोमध बसायला आहे, म्हणजे चित्र बघणं आणि पायांना आराम देणं एकाच वेळी, माझ्या मते चित्रं अशीच बघायची असतात. पण २०२२ मध्ये व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर सूप फेकलं आणि नंतरही असे प्रकार झाले म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी आत कुठलंही पातळ न्यायला बंदी घातली, बाळाचं दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं सोडून. जायच्या आधी त्यांच्या साइटवर आत्ताचा नियम बघून घ्या, नाहीतर दारात पाण्याची बाटली रिकामी करायला लावतील. तशी पाण्याची चिंता नाही, नळाचं पाणी चांगलं आहे आणि दारूचं लायसन्स असलेल्या कुठल्याही हॉटेल-पबमध्ये मागितलं की फुकट द्यायलाच लागतं, कायदाच आहे. "टॅप वॉटर" असं स्पष्ट म्हणायचं, नुसतं वॉटर म्हटलं तर बाटली येते आणि बिलही. टॉयलेटचंही सांगते, मोठ्या रेल्वे स्टेशनांवर २०१९ पासून फुकट आहेत, पण स्वच्छतेत म्युझियमची कधीही चांगली.

टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या म्युझियमला मी कमी मार्क देईन, चित्रांसाठी नाही, अंतरासाठी. जुनं वीजकेंद्र आहे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत दम निघतो आणि गर्दीत लिफ्टची वाट बघावी लागते. पण टर्बाइन हॉलमध्ये लोक बिनधास्त जमिनीवर बसतात, झोपतातही, तरुण मंडळींना आवडेल.

व्हीलचेअर ब्रिटिश म्युझियम आणि व्ही अँड ए दोन्हीकडे वापरायला मिळते, आधी फोन किंवा मेल केलेला बरा. आणि शुक्रवार हातचा घालवू नका. त्या दिवशी व्ही अँड ए रात्री दहापर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत चालू असतं, शाळेची मुलं गेलेली असतात. डिसेंबरात जाणार असाल तर मोठी म्युझियम्स साधारण २४ ते २६ बंद असतात, आणि २५ ला तर ट्यूबही नाही आणि बसही नाही, तेव्हा त्या दिवशीचं खाणं आदल्या दिवशीच आणून ठेवा.