ओढ्याकाठची झाडं ओळखायला दहापट ट्रिपलेट भिंग: कुठे उपयोगी, कुठे नाही

नदीचा काठ, ओढ्याचा तळ, पावसाळाभर पाणी धरून ठेवणारी सखल जमीन. सह्याद्रीतल्या अशा जागी झाड ओळखताना फसगत होते ती पानाच्या आकारावर विसंबल्याने. लांबट, निमुळतं पान तिथे बऱ्याच झाडांना असतं. खरी खूण पानाच्या काठावर, देठाच्या टोकाशी किंवा मागच्या बाजूला दडलेली असते, आणि ती पाहायला खिशात मावणारं दहापट ट्रिपलेट भिंग पुरतं.

ट्रिपलेट म्हणजे तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं भिंग. एकाच काचेच्या भिंगात मधला भाग ठीक दिसतो, पण कडेला रेषा वाकतात आणि त्यांना रंगीत झालर येते. घेण्याआधी आलेख कागदावर धरून पाहावं. मिलिमीटरच्या रेषा कडेपर्यंत सरळ आणि स्वच्छ दिसल्या पाहिजेत. दुसरी पारख अंतराची: भिंग डोळ्याशी धरायचं, वस्तू किती मिलिमीटरवर स्पष्ट होते ते मोजायचं आणि २५० ला त्या आकड्याने भागायचं. येईल ती भिंगाची खरी पट. दहापट भिंगाला हे अंतर सुमारे २५ मिमी येतं. अंगावर ‘३०एक्स’ कोरलंय आणि पान ४० मिमीवर स्पष्ट होतंय, तर ते भिंग जेमतेम सहापट आहे. व्यास १८ ते २१ मिमी असावा. त्याहून लहान काचेतून झाडाच्या सावलीत अंधारच दिसतो.

वीसपट घेण्याचा मोह टाळलेला बरा. त्याचं अंतर १२-१३ मिमी, म्हणजे आपल्याच डोक्याची सावली पानावर पडते आणि लव दिसली तर शीर धूसर होते.

भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान भिंगाकडे आणायचं. उलटं केलं की काही दिसत नाही, आणि दोष भिंगाला दिला जातो. कोपरं अंगाशी, उजेड बाजूने. ओलं पान आधी कापडाने टिपून घ्यावं. पुसलं तर बारीक खवले आणि लव निघून जाते. पूर ओसरल्यावर पानाच्या मागे गाळाचे कण बसतात, ते हुबेहूब खवल्यांसारखे दिसतात. एक पान धुऊन पुन्हा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

या भिंगाने सर्वांत चांगला सुटणारा गोंधळ वाळुंज आणि शेरणीचा. दोन्ही पाण्यात पाय रोवून उभी, दोघांची पानं अरुंद आणि एकाआड एक. वाळुंजाच्या पानाचा काठ बारीक दातेरी असतो, आणि अंकुराला टोपीसारखा एकच खवला असतो. शेरणीच्या पानामागे गोल, चपट्या खवल्यांची दाट पेरणी दिसते. नुसत्या डोळ्यांना दोन्हींची मागची बाजू फक्त फिकट वाटते. फांदी हातात आली की दोन मिनिटांचं काम.

अर्जुन आणि ऐन मोठे असले तर भिंगाची गरजच नाही: ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चिरलेली, अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. लहान झाडात साल बोलत नाही, तिथे ग्रंथी, म्हणजे बारीक फुगीर गाठी, पाहाव्यात. अर्जुनाच्या देठाच्या टोकाशी किंवा पानाच्या बुडाशी त्यांची जोडी असते. ऐनात त्या पानामागे, मधल्या शिरेवर बुडाजवळ, छोट्या दांड्यावर उचललेल्या दिसतात. सगळ्याच पानांवर त्या असतील असं नाही, म्हणून निदान पाच-सहा पानं तपासावीत. खाली फळ सापडलं तर उत्तमच. पाच पंख दोघांनाही असतात, पण ऐनाच्या पंखावरच्या रेषा आडव्या सरळ कडेला जातात, अर्जुनाच्या वर वळतात.

जांभळाचं पान आकाशाकडे धरून पाहावं. तेलाचे अर्धपारदर्शक ठिपके आणि कडेला समांतर धावणारी शीर दिसली की जांभळाचं कुळ पक्कं. जात मात्र यावरून ठरत नाही. ओढ्याकाठी जांभळाचे भाऊबंद पुष्कळ, त्यासाठी फूल-फळ हवंच. कळंब, कदंब, हेदू यांच्यात समोरासमोरच्या दोन देठांमधल्या जागेत उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं छोटं अंग, असतं. ते गळून गेलं तरी तिथे आडवी वळ उरते आणि भिंगाखाली ती स्पष्ट दिसते. उंबराला भिंग लावू नये, चीक आणि खोडावरचे फळांचे घोस पुरेसे आहेत.

निवराची फुलांची लोंबती लाल माळ आणि चौकोनी फळही लांबूनच ओळखू येतं. सिंधुदुर्गात हेवाळे-बांबर्डे इथे जायफळ कुळातल्या झाडांची दलदल आहे. अशा दलदलीत पाहायची ती मुळं: खोडातून निघून चिखलात टेकलेली, किंवा गुडघ्यासारखी वर आलेली. या कुळाचा चीक लाल असतो, पण तो पाहण्यासाठी सालीला घाव घालणं अगदी चूक. इतकी थोडी झाडं उरली आहेत की गळलेल्या पानाच्या देठावर भागवावं.

भिंगाची आणखी एक मर्यादा म्हणजे ते पान कुठून आलं हे सांगत नाही. काठावर पडलेली फांदी पुरात वरून वाहून आलेली असू शकते. वरच्या झाडावर तसंच पान आहे का, हे दुर्बिणीने किंवा फोनच्या झूमने पाहून मगच नाव लिहावं.

दमट हवेत काचेवर बुरशी धरते, आणि एकदा काच खरवडली गेली की डाग जात नाही. पावसाळ्यात भिंग कातडी पाकिटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावं. काचेवरची माती आधी फुंकर-ब्रशने उडवावी, मग पुसावं. आणि दोरी लाल किंवा केशरी घ्यावी, काळी दोरी चिखलात सापडत नाही.