ग्रंथालयाच्या याद्या: गूगल शीट्स की ऑनलाइन एक्सेल?

आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात नोंदतात ती दाखल नोंदवही कागदावर राहणारच. देवघेवीला ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारखं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर असेल, तर तेही चालू द्या. प्रश्न आहे तो मधल्या कामांचा: देणगीत आलेली पुस्तकं, गहाळ पुस्तकांचा शोध, वाचकांच्या मागण्या, जीर्ण प्रतींची यादी. ही कामं ग्रंथपाल, लिपिक आणि आमच्यासारखे कार्यकारी मंडळातले हौशी मिळून करतात, त्यामुळे यादी सगळ्यांना एकाच वेळी उघडता यायला हवी. आम्ही दोन्ही वापरून पाहिलं.

जागेचा विचार करू नका. फुकटात गूगलकडे १५ जीबी, मायक्रोसॉफ्टकडे ५. पुस्तकांच्या यादीला त्यातला कोपराही लागत नाही. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या दोन्हीकडे सारख्याच अगम्य दिसतात. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात.

छपाईत एक्सेल सरस वाटलं. वार्षिक अहवालाचे तक्ते त्यातून नीट कागदावर उतरतात. पावसाळ्यात नेट गेलं, तरी संगणकावरची फाइल उघडतेच. शीट्सही नेटशिवाय चालतं, पण ती सोय आधी सुरू करून ठेवावी लागते, आणि ते आठवतं नेट गेल्यावर.

तरीही मी शीट्सकडे झुकलो, ते एका कटकटीपायी. एक्सेल प्रत्येकाच्या घरी आहे, आणि तिथेच घोळ होतो. दुवा पाठवला की कोणीतरी फाइल उतरवून घेतो, आपल्या जुन्या एक्सेलमध्ये निवांत भरतो आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. देणगीच्या यादीच्या आमच्याकडे अशा चार प्रती झाल्या: ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल२’ आणि एक नुसतीच ‘देणगी’. एकीत दाखल क्रमांक होते, दुसरीत किमती. दोन रविवार त्या जुळवण्यात गेले. दोष एक्सेलचा म्हणता येणार नाही, ब्राउझरमध्ये उघडलं तर तिथेही एकत्र काम होतं. पण ‘ब्राउझरमध्येच उघडा’ हे किती वेळा सांगायचं? शीट्सची प्रतही उतरवता येते म्हणा. आमच्यात तो उद्योग कोणी केला नाही, कारण दुवा दाबला की पत्रकच समोर येतं. एखाद्या चौकटीत कोणी, कधी, काय बदललं तेही उजव्या क्लिकवर दिसतं. त्यामुळे ‘मी नाही हात लावला’ हे संवाद बरेच कमी झाले.

दोन पथ्यं मात्र पाळा. सभासदांचे पत्ते-फोन असलेलं पत्रक ‘दुवा असलेल्या कोणालाही’ खुलं ठेवू नका, नावानिशी परवानगी द्या. अभ्यासिकेतल्या संगणकावर खातं उघडायची वेळ आलीच, तर पाहुणा म्हणून नवी खिडकी उघडा आणि उठताना बंद करा. स्पर्धा परीक्षेची मुलं लगेच त्याच खुर्चीत बसतात.

तुमच्याकडे एकटे ग्रंथपालच सगळं भरत असतील, तर एक्सेल सोडायचं कारण मला दिसत नाही. दोघांपेक्षा जास्त हात असतील, तर मी शीट्स घेईन. अहवालापुरता तक्ता मात्र मी अजूनही मार्चअखेर एक्सेलमध्ये उतरवून छापतो.