हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचाय: मेकॅनिकल घ्यावा की टिश्यूचा?

आमच्या घरात हा प्रश्न दोनदा आला. दादाला ४६व्या वर्षी मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसला, मामांना ६९व्या वर्षी टिश्यूचा, म्हणजे जनावराच्या ऊतींचा. दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला वाटतं, पण कारणं वेगवेगळी.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे झडप करते काय ते बघू. हृदयात चार झडपा. मायट्रलला दोन पाकळ्या, बाकी तिघींना तीन-तीन. त्या उघडायला कुणी ओढत नाही, रक्ताचा दाबच त्यांना ढकलतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं उघडतात ना, तसंच. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यासारखे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) हातानं घालाय-काढायची भानगड नाही. फरक एवढाच की झडप दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडझाप करते, आणि मिटली की रक्त मागं येऊ देत नाही. लहानपणी घसादुखीमागून सांधे धरणारा ताप आला असेल तर पुढं मायट्रलच्या पाकळ्या एकमेकींना चिकटू शकतात. म्हातारपणी महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचतं. दादाचं पहिलं, मामांचं दुसरं.

मेकॅनिकल व्हॉल्व्ह बहुधा कार्बनचा. तो सहसा झिजत नाही, जन्मभर चालू शकतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा देशी व्हॉल्व्ह १९९० पासून बसवतात, तो परदेशीपेक्षा बराच स्वस्त. पण अशा कृत्रिम व्हॉल्व्हवर रक्ताची गुठळी धरते. म्हणून वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यायची, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासत राहायचं. मायट्रलच्या मेकॅनिकल व्हॉल्व्हला तो साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या या व्हॉल्व्हला चालत नाहीत, कुणी सुचवल्या तरी नको म्हणा.

दादा शिरोली एमआयडीसीत लेथवर. एकदा कंबर धरली म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी दात घासताना बेसिन लाल. आयएनआर ५च्या वर! तेव्हापासून घरात नियम आहे: डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधी वेदनाशामकसुद्धा नाही. पालेभाजीनं या गोळीचा असर कमी-जास्त होतो; तरी मेथी-पालक बंद केली नाही, फक्त एक आठवडा ढीगभर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं करायचं नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची त्याची काळजी वेगळीच, पण तिथं मुद्दा मिठाचा आणि तेलाचा. रात्री शांततेत त्याच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. वहिनींना पहिले दोन महिने झोप लागली नव्हती.

टिश्यूचा व्हॉल्व्ह गाई-बैलाच्या हृदयावरणाचा किंवा डुकराच्या झडपेचा. आवाज नाही. वॉरफरिन बहुधा पहिले तीन ते सहा महिने, मग बऱ्याचदा ॲस्पिरिनवर भागतं. पण तो साधारण १० ते १५ वर्षांत खराब होतो, आणि तरुण अंगात त्याहून लवकर. म्हणून ढोबळमानानं पन्नाशीच्या आत मेकॅनिकल, पासष्टीनंतर टिश्यू, मधल्यांनी विचार करायचा. मूल हवं असलेल्या मुलीचं गणित वेगळं: वॉरफरिननं गर्भाला धोका असतो, म्हणून पुढं दुसरं ऑपरेशन होणार हे धरूनही टिश्यूचा विचार होतो.

वयाइतकंच मी गावही बघेन. मामा कोल्हापूरजवळच्या, नदीकाठच्या चिखलीचे. २०१९ च्या महापुरात गाव पाण्यात होतं, लॅब कुठली अन् गोळ्या कुठल्या! म्हणून २०२० मध्ये मामांनी टिश्यू घेतला. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला, ते आमच्याकडं राहायला आले तेव्हा पिशवीत ॲस्पिरिनची एक पट्टी होती, बस्स.

सर्जनना दोन गोष्टी विचारून घ्या. मायट्रल असेल तर बदलण्याऐवजी दुरुस्त होते का? होत असेल तर सहसा तेच बरं. आणि टिश्यू घेणार असाल तर कितव्या मापाचा बसवणार? तो खराब झाल्यावर जांघेतून नळीनं आत दुसरा बसवता येतो, पण पहिलाच लहान असला तर जागा अपुरी पडते.