सी ड्राइव्हमधून उबंटूसाठी जागा: डिस्क मॅनेजमेंट, जीपार्टेड की वेगळी एसएसडी?

विंडोज ११ च्या शेजारी उबंटू (लिनक्स) टाकायचे आहे आणि सगळी डिस्क सी ड्राइव्हनेच व्यापली आहे, अशा वेळी हे तीन पर्याय समोर असतात. उबंटूला २५ जीबीत भागते, पण ५० ते ६० जीबी काढा. नंतर वाढवणे जास्त कटकटीचे.

आधी डिस्क मॅनेजमेंटच वापरा. ते विंडोजचे स्वतःचे साधन असल्याने धोका कमी, आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे एन्क्रिप्शन) चालू असतानाही सी लहान होतो. अडचण अशी, की २०० जीबी रिकामे असूनही श्रिंकच्या (ड्राइव्ह लहान करण्याच्या) खिडकीत चार-पाच जीबीच दिसतात. हायबरनेशन फाइल (मशीन झोपताना मेमरी साठवणारी), पेजफाइल (रॅमला डिस्कवरची जोड) किंवा रिस्टोअर पॉइंट (विंडोज मागच्या स्थितीला नेणाऱ्या नोंदी) ड्राइव्हच्या शेवटाकडे बसले असतील, तर ते चालू विंडोजमध्ये हलत नाहीत. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टीम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करा (जुने रिस्टोअर पॉइंट जातील), रिस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करा आणि मग सगळे परत चालू करा. तरीही अडलेच, तर इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. कोणती फाइल आडवी येते ते तिथे दिसते. मोकळी झालेली जागा 'अनअ‍ॅलोकेटेड'च ठेवा. तिथे डी ड्राइव्ह बनवू नका, भाग उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये पाडायचे.

जीपार्टेड हे डिस्कचे भाग बदलणारे साधन पेनड्राइव्हवरून चालते, तेव्हा विंडोज बंद असते. म्हणून वरच्या अडून बसलेल्या फाइलीही हलतात. पण बिटलॉकर असलेला भाग त्याला लहान करता येत नाही. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर 'शटडाउन' केल्यावरही सी अर्धवट झोपलेला राहतो आणि जीपार्टेड त्याला हात लावायला नकार देते. जबरदस्ती करू नका, फास्ट स्टार्टअप बंद करून मग मशीन बंद करा. बॅकअप घ्या, चार्जर लावून ठेवा. सीची फक्त उजवी कड सरकवा. डावी हलवली, तर अख्खा डेटा सरकवावा लागतो आणि विंडोज बूट न होण्याचीही शक्यता असते.

लॅपटॉपमध्ये दुसरा एम.२ (एसएसडी बसवायचा) स्लॉट असेल, तर आमचा कौल वेगळ्या एसएसडीला. स्लॉट एनव्हीएमईचा की साटाचा, ते खरेदीआधी बघा. इथे एक खोच आहे: उबंटू नव्या डिस्कवर बसते, पण त्याचा बूटलोडर (सुरुवातीला सिस्टीम उठवणारा प्रोग्रॅम) कधीकधी जुन्या डिस्कच्या ईएफआय भागात (बूट फाइलींच्या छोट्या भागात) जातो. पुढे जुनी डिस्क काढली की उबंटू उठत नाही. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढा किंवा बायोसमधून बंद करा.

इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नसेल, तर बहुधा इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळणाऱ्या इंटेलच्या बायोसमधील सेटिंग्ज) चालू असते. बायोसमध्ये थेट एएचसीआय (डिस्क हाताळण्याची साधी पद्धत) केले, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकते. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला लावा, मग बदल करा. त्याआधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर हवी.

जुन्या एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत) डिस्कवर चार प्रायमरी भाग आधीच असतील, तर मोकळी जागा इन्स्टॉलरला 'अनयूजेबल' दिसते. एमबीआरचे नव्या जीपीटी पद्धतीत रूपांतर करणाऱ्या विंडोजच्या एमबीआर-टू-जीपीटी साधनालाही तीनपेक्षा जास्त प्रायमरी भाग चालत नाहीत, त्यामुळे एक भाग आधी रिकामा करून काढावाच लागतो.