आतलं तांबं आणि वरचं कोटिंग: घराची वायर घेताना

घराचं वायरिंग बदलायचं ठरलं की दुकानात चर्चा तांब्याचीच होते. शुद्ध आहे का, दीडची की अडीचची (चौरस मिलिमीटर जाडीची), बंडल केवढ्याला. वरच्या प्लास्टिकचा फक्त रंग विचारला जातो. मला हे फार खटकतं. वीज वाहून नेतं तांबं, पण ती ओल्या भिंतीत किंवा आपल्या हातात उतरू देत नाही ते कोटिंग.

धातूचा निर्णय सोपा आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण 61 टक्के. म्हणजे दीडच्या तांब्याचं काम करायला ॲल्युमिनियमची अडीचची वायर लागते. तरी वजन निम्मंच भरतं, म्हणून मनोऱ्यांवरच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात, ताण सोसायला आत पोलाद. घरात मात्र ॲल्युमिनियम जॉइंटला दगा देतं. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर स्वतःच दुर्वाहक असतो. शिवाय स्क्रूखाली धातू हळूहळू दबतो, जॉइंट सैल होऊन तापतो. घरात तांबंच घ्या.

खरा विचार करायचा तो कोटिंगचा. हे कोटिंग बहुधा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचं असतं. पीव्हीसीमध्ये इलेक्ट्रॉन अणूंच्या बंधांत अडकलेले असतात, तांब्यासारखे मोकळे फिरत नाहीत. पण उष्णता दोघांनाही नडते. 20 अंशांवरून 70 अंशांवर गेलं की तांब्याचा रोध सुमारे 20 टक्के वाढतो, तर पीव्हीसीचा रोध उलट घसरतो. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा 70 अंशांचीच आहे. सतत त्याहून जास्त तापलं तर ते कडक होऊन तडकतं. दीडच्या वायरवर गिझर चालवला की आधी बळी जातो तो कोटिंगचा. तांब्याला काहीच होत नाही. गिझर-एसीला चारची ओढा.

आता कोटिंगचे प्रकार. एफआर (फ्लेम रिटार्डंट) आग पुढे पसरू देत नाही, पण धूर आणि हायड्रोजन क्लोराइडचा आम्लधर्मी वायू सोडतं. एफआरएलएसमध्ये (एलएस म्हणजे लो स्मोक, कमी धूर) दोन्ही कमी. हॅलोजनमुक्त वायरमध्ये क्लोरीनच नसल्याने तो वायू जवळजवळ निघत नाही. ती महाग पडते. तळमजल्यावर, मोकळ्या घराला एफआरएलएस पुरते. वरच्या मजल्यावर राहत असाल, खाली उतरायला एकच जिना असेल, तर मी टाइल्सचा खर्च कमी करून हॅलोजनमुक्त घेईन. आगीत माणूस ज्वाळेआधी धुराने गुदमरतो.

जुनी वायर ठेवायची की काढायची, हे डोळ्यांनी कळत नाही. वायरमनला मेगर, म्हणजे कोटिंगचा रोध मोजायचं यंत्र, लावायला सांगा. 500 व्होल्टवर वायर आणि अर्थिंग यांच्यातला रोध किमान 1 मेगाओहम हवा. त्याखाली आला तर दोष शोधायला सांगा, आणि तो कोटिंगचाच निघाला तर तांबं कितीही लखलखीत असो, वायर काढा. चाचणीआधी टीव्ही, वाय-फाय आणि एलईडी दिवे सुटे करायला विसरू नका. एवढे व्होल्ट त्यांना सोसत नाहीत.