देवबागच्या खाडीत भाड्याची होडी: तासावर नको, भरती बघून घ्या

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी दोनला आम्ही इंजिनाची फायबर होडी दोन तासांसाठी ठरवली. तीनच्या सुमारास ती कर्ली नदीच्या मुखाजवळ वाळूवर बसली, ती अंधार पडेपर्यंत हलली नाही. उतरल्यावर मालकाने सगळ्या वेळेचं भाडं मागितलं. मी म्हटलं, "भाऊ, आज पाणी कधी उतरतं हे तुम्हाला ठाऊक. मग दोन वाजता सांगितलं काहून नाही?" बरीच हुज्जत झाली आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊनच निघालो. तो राग अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आमच्या नागपूरकडची बरीच कुटुंबं हिवाळ्यात तारकर्ली-देवबागला जातात आणि होडी तासावरच घेतात.

मुलगी कुडाळला नोकरीला आहे. त्यामुळे दिवाळीपासून नागपूर-मडगाव गाडीने येणं-जाणं चालू आहे, आणि गेलो की खाडीत एक फेरी ठरलेली. त्सुनामी आयलंड, डॉल्फिन वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर लिहीत नाही.

सुरुवातीला मी इंजिनाच्या होडीच्या बाजूचा होतो. तेवढ्याच भाड्यात जास्त खाडी बघून होते, हा साधा हिशोब. पण उथळ पाण्यात इंजिनाचा पंखा होडीच्या तळाच्याही खाली असतो, आधी तोच टेकतो. लहान इंजिनात पंख्याला एक मऊ पिन असते. पंखा कशावर आपटला की ती तुटते आणि इंजिन वाचतं. जादा पिन सोबत आहे का, हे विचारून घ्या. दुसरं म्हणजे इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. इंजिन बाहेरचंच पाणी ओढून थंड होतं. गाळ किंवा शेवाळ अडकून धार थांबली, तर इंजिन लगेच बंद करायला सांगा.

आता मुख्य गोष्ट. आमच्या नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी सकाळी ज्या पायरीला असतं, संध्याकाळीही त्याच पायरीला असतं. खाडीचं तसं नाही. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर १५ची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला सहा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडंफार इकडेतिकडे होतं, पण घरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावरून नागपुरात बसून जमतं.

ओहोटी सुमारे सहा तासांची, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी जातं. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. सव्वाअकराच्या भरतीत आमचे दोन ते चार नेमके कुठे पडले, बघा. भाड्याच्या पाटीवर फक्त "प्रति तास" लिहिलेलं असतं. भरतीची वेळ खडूने लिहायला काय लागतं?

फेब्रुवारीपासून मी इंजिन सोडलं. आता उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला लाकडी ओंडका) लावलेली लहान वल्ह्याची होडी घेतो, सोबत गावातलाच एक वयस्कर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, असतो. वीतभर पाण्यातही ती सरकते, टेकलीच तर काठीने रेटता येते. खारफुटीत अगदी आत जाता येतं. मुळांना चिकटलेली कालवं (शिंपले) दिसतात, आवाज नसल्यामुळे खंड्या फांदी सोडून उडत नाही. अंतर कमी होतं हे खरं, आणि वारा समोरून असला तर परतायला वेळ लागतो. गुडघेदुखीवाल्यांना दोन तास खाली बसणं जड जाईल. लाइफ जॅकेट मागावं लागतं, आपणहून कोणी देत नाही.

पण या काकांनी पहिल्याच दिवशी तासाचा भाव सांगितला नाही. "सुकती कधी लागता ता बघूया," म्हणाले (सुकती म्हणजे ओहोटी), आणि सकाळी साडेआठला बोलावलं. चढत्या पाण्याबरोबर आत जायचं आणि पाणी फिरलं की त्याच्याबरोबर परत यायचं, भाडं पूर्ण फेरीचं. चढत्या पाण्यात होडी टेकली तरी थोड्या वेळात आपोआप तरंगते. उतरत्या पाण्यात टेकली की पुढच्या भरतीपर्यंत बसा. हा एवढा फरक मला त्या पौर्णिमेला कोणी सांगितला असता तर पैसे आणि संध्याकाळ दोन्ही वाचलं असतं.

इंजिनाची होडी हवीच असेल, तर पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधीची वेळ मागा. आणि निघण्यापूर्वी, घरच्या चार माणसांसमोर, एक वाक्य वदवून घ्या: होडी वाळूत अडकली तर त्या वेळेचं भाडं लागणार नाही. मालक तयार नसेल तर पुढच्या धक्क्यावर जा.